पेन्सिलीच्या फुल्या

नॉरीन : ...आणि आधी बस. छातीला टाके घालून आलायस तू. पिसं काढलेल्या कोंबडीसारखा दिसतोयस.

एरल : चहा नंतर. उबवणीचं कपाट उघड, नॉरीन.

नॉरीन : सख्खी बहीण तूवूम्बाहून दोन दिवस गाडी हाकत येते, सव्वीस दिवस घर सांभाळते, आणि हा आल्या आल्या घोरपडीची अंडी बघणार.

एरल : टाउन्सव्हिलच्या इस्पितळातल्या त्या खाटेवर दुसरं काय होतं डोक्यात? म्हातारा नर दोन महिन्यांपूर्वी गेला. मादीही, आपली डॉली, गेल्याचं तू फोनवर सांगितलंस. आता ही सहाच उरलीत.

नॉरीन : अंडी घालून चौथ्या दिवशी गेली बिचारी. मेविसच्या लिंबाखाली पुरलंय तिला.

एरल : बरं केलंस. माझी मेविस असती तर तिला आवडलं असतं ते, बायकोनंच लावलेलं झाड. उघड आता.

नॉरीन : हे बघ. तीस अंश, काटा जरासुद्धा हललेला नाही. अंड्यांखालची भुकटी ओलसर. तू लिहून ठेवलेल्या कागदावर होतं तस्संच.

एरल : फुल्या कुठायत?

नॉरीन : कुठल्या?

एरल : पेन्सिलीच्या. डॉलीनं अंडी घातली त्याच दिवशी प्रत्येकावर वरच्या बाजूला फुली काढली होती मी. इथे गोल दिसतायत.

नॉरीन : आहेत की, खाली आहेत. सकाळी गोल वर, संध्याकाळी फुली वर. गोल मी काढले. तू विसरला होतास.

एरल : गोल.

नॉरीन : चाळीस वर्षं कोंबड्यांची अंडी उबवतेय मी. फुली दिसली की पुढचं मला सांगावं लागत नाही. एकदाही चुकवलं नाही, फोनला गजर लावलाय. त्यापायी चर्चच्या सहलीलासुद्धा गेले नाही.

एरल : कधीपासून?

नॉरीन : तू विमानात चढलास त्याच्या दुसऱ्याच सकाळपासून. असा पांढरा का पडलास? गोळी आणू?

एरल : टॉर्च दे.

(तो अंडी न हलवता एकेकाला टॉर्च लावून पाहतो. सहाही.)

नॉरीन : काय दिसतंय, एरल?

एरल : आत लाल शिरांचं जाळं दिसायला हवं होतं आता.

नॉरीन : नीट बघ. माझ्या कोंबड्यांचं तर आठव्या दिवशी...

एरल : कोंबडीचं अंडं उलटावं लागतं. घोरपडीचं उलटायचं नसतं. पिल्लू पहिल्या एक-दोन दिवसांतच वरच्या बाजूला चिकटतं. अंडं उलटलं की ते मरतं. फुली त्यासाठीच. ही बाजू कायम वर.

नॉरीन : कागदावर नव्हतं.

एरल : नव्हतं.

नॉरीन : तीनदा वाचला मी तो. पाणी किती, ऊब किती, दार किती वेळ उघडं ठेवायचं. हे नव्हतं, एरल.

एरल : लिहायचं सुचलंच नाही. तेवीस वर्षांत या घरात कुणी अंडं उलटलं नाही.

नॉरीन : दुसरी जोडी मिळेल. घोरपडी पाळायचा परवाना आहे तुझ्याकडे. मी घेऊन देते.

एरल : मिळेल ना. माउंट आयसाचा तो दाढीवाला उद्या देईल. पण मेविसनं आणलेल्या जोडीची नसेल ती. तिच्या त्या जोडीची पाचवी पिढी होती ही.

नॉरीन : एखादं तरी वाचलं असेल?

एरल : पिवळी पडलीत.

नॉरीन : मला वाटलं, आता फुटायला आली म्हणून रंग धरतायत.

एरल : अजून दोन-अडीच महिने होते.

नॉरीन : उलटताना बोलायचे मी त्यांच्याशी. म्हणायचे, तुमचा म्हातारा येतोय, धीर धरा जरा.

एरल : हं.

नॉरीन : मेविसनं शिव्या घातल्या असत्या मला. तू तरी घाल.

एरल : दम नाही गं. टाके दुखतात.

नॉरीन : सहा वाजले. गजर वाजतोय माझा.

एरल : ऐकतोय मी.

नॉरीन : बंद करू?

एरल : वाजू दे. थांबेल ना आपोआप?

नॉरीन : थांबतो. पाच मिनिटांनी पुन्हा वाजतो.