जंताच्या चार गोळ्या

न्हाई न्हाई, आदी ती वही बंद कर अंजुम, मंग बस म्हणीन. सरकारी दवाखान्याची आशाबाई झालीस म्हून काय दारात उभी राहून लोकाच्या पोरीची चौकशी करशीन व्हय? — आन् हळू बोल, प्रतिक्षा आत निजली हाय. भर दुपारची निजली, व्हय. नऊ वर्साची पोर दुपारची निजून राहती, ते दिसतं मला, तू सांगायची गरज न्हाई. काल शाळेत डाक्टर आले, मला बोलावून घेतलं, पोरीच्या बोटाला सुई टोचली आन् हातात चिठ्ठी दिली — रक्त सहा हाय, बारा पाहिजे, दोन दिसात हिंगोलीच्या दवाखान्यात न्या, रगताची पिशवी लावा लागन. वाचली मी चिठ्ठी. सातवी शिकलेली हाय मी. मंग तू काहून आलीस? जखमेवर मीठ चोळायला?

काय म्हणलीस? जंत? माझ्या पोरीच्या पोटात? काहीबी बोलतीस बाई! आन् ते बी पायातून शिरले म्हणं — ऐका! बारीक अळी असती, लोकं बाहेर बसतेत तिथल्या ओल्या मातीत, अनवाणी पायाच्या कातड्यातून आत घुसती, मंग आतड्याला चिटकून रगत पीत बसती — मागच्या साली बी तू हेच पुराण लावलं व्हतं. चप्पल घाला, संडासात जा, साबणानं हात धुवा. संडास हाय की आमाला! बांधला, रंग दिला, तूच फोटो काढून नेलास. आता त्यात शेळ्यायचं कुटार भरलं हाय, तर काय करू? पावसात कुटार भिजलं तर शेळ्या काय खातीन, तुझी वही? समदं साखरा गाव नाल्याकाठी जातं, आमी एकटेच जातो का? चप्पल बी हाय तिला, नवीकोरी हाय, फळीवर ठिवली — चिखलात घातली तर दोन दिसात वाट लागन तिची.

किती डाव विचारशीन गं तेच ते? घेतल्या. चारी गोळ्या घेतल्या तिनं, दर सहा महिन्याला एक. शाळेत न्हाई घेतल्या, घरी घेतल्या. कारण गोळीच्या दिवशी मी तिला शाळेत धाडतच न्हवते. काहून म्हणजे? या चारीच्या आदी, पहिल्या डावाला बाईनं शाळेत चावून खायला लावली, तर पोरगी घरी येऊन भडाभडा ओकली, पोट धरून लोळली, आन् दुसऱ्या दिशी — शी, कसं सांगू — एवढाले पांढरे गांडुळावाणी पडले. माझ्या काळजाचं पाणी झालं. मला वाटलं गोळीनंच केलं हे समदं. तू म्हणलीस, पोटात व्हते म्हून पडले, चांगलं झालं. मला कुठं पटतं! तवापासून गोळीच्या दिवशी पोरगी घरात. मंग हप्त्याभरानं तू यायचीस, राहिलेल्या लेकरायला द्यायला. म्हणायचीस, माझ्यासमोर चावू दे. मी म्हणायचे, उपाशी हाय, जेवल्यावर देते, ठिव. आन् तू ठिवायचीस! काहून ठिवायचीस? तुला पुढच्या आळीत जायची घाई. वहीत खूण केली की चालली. आता अशी डोळे वटारून बघू नको माझ्याकडं. तुझी बी चुकी हाय यात, बराबरची हाय.

तिकडं काय बघून राहिली? शेळी हाय ती. तांबी. बघ, बघ — अंगावर कशी चमक हाय! आमचे मालक म्हणतेत, साखऱ्यात अशी शेळी दुसरी न्हाई. दोन वर्सामागं वाळून काडी झाली व्हती. जनावराच्या डाक्टरनं डोळ्याची पापणी उलटून पाहिली, म्हणला पोटातल्या जंतानं रगत पिलं हिचं, आन् गोळी दिली. मी पाकीट पाहिलं — मला वाचता येतं, सांगितलं ना — त्याच्यावर तेच नाव, तुझ्या गोळीवर हाय तेच! पंधरा दिसात शेळी उड्या मारायला लागली, मंग जुळी करडं दिली. मंग घरात गोळी आली की मी आपली गुळाच्या खड्यात दाबून — लई आवडीनं खाती —

काय मोजून राहिली बोटावर?

व्हय. दिल्या. चारी तांबीला दिल्या. जनावराला गुण आला ते या डोळ्यानं पाहिलं, आन् पोरीला द्यायला भेले — एक डाव ओकली म्हून भेले मी, अंजुम. पोरगी माती खायची तर मारलं तिला. शाळेतून येऊन भिंतीला टेकून बसायची तर आळशी म्हणले, करडामागं पळवली नाल्याकाठी, अनवाणी. शेळीची पापणी दर महिन्याला उलटून बघते मी. पोरीची कदी पाहिली न्हाई. काल डाक्टरनं उलटली माझ्यासमोर तव्हा पाहिली — पांढरीफटक. मला तवाच कळलं. रातभर मालक विचारत व्हते, हिला झालं काय एकाएकी, आन् मी म्हणत व्हते, मला काय माहीत.

हात सोड माझा. तुझी दया नको मला. मालकाला सांगायचं तर सांग, गावाला सांग, खोड ती वहीतली खूण — कर जे करायचं ते. उद्या सकाळच्या गाडीनं नेऊन राहिलो तिला हिंगोलीला. तू बी चल संगं. डाक्टर विचारतीन गोळ्या घेतल्या का, तव्हा मीच सांगन काय ते, तू मधात बोलू नको. आन् तिथं गोळी दिली ना, तर ती तू घे, तूच चार तिला, चावून होवोस्तर उभी राहा. माझ्या हातात कुणालाच देऊ देऊ नको. — ती उठली वाटतं. जा आता. जा म्हणते ना!