वेल जिथं सरळ होते

कुठं? — हां, इथं. बेंचाच्या या टोकापासून. बरोबर बोट ठेवलं तू, बेटा. चाळीस वर्सं झाली हा बसस्टॉप बांधून. किती लोकं याच भिंतीले पाठ टेकवून बसले, पान खाऊन थुंकले, पोरांनी खिळ्यानं नावं कोरली — कोनाले दिसलं नाही की फुटक्या कपबश्यांची ही वेल इथून बदलते. आन तू आली, पाच मिनिटं वही घेऊन उभी राहिली, आन म्हनतं — बाबा, इथून पुढं दुसरा हात वाटते. दुसरा हात! अवो, निळे तुकडे सरले असतील. तुकडे सरले तर मानूस काय करन? जे हाय ते लावते. लिही तसंच.

बस जरा. सावली हाय इथं. रायपूरच्या कॉलेजातून आली आन हेच पाहून राहिली? समोर पाह्य ना. नवं हाय, झकपक. बारा बाया नाचून राहिल्या रस्त्याच्या भिंतीवर — बारा जनींचं तोंड एकच. पुठ्ठा कापला एक, ठेवला, फवारला, पुढं सरकवला. एकीचा पाय उलटा निघाला, तर बाराही जनींचा उलटा. मी मोजले — मले दुसरं काम काय? आन तो मोर. मोराले दात काढले हाय त्यानं. खरंच सांगतो, जवळ जाऊन पाह्य. आन तो कचऱ्याचा डबा — पेंग्विन म्हनते त्याले, माही नात हाय ना, अपेक्षा, ती सांगून राहिली होती. भिलाईत मे महिन्यात डांबर चपलेले चिकटते आन हा बर्फातला पक्षी तोंड वासून उभा. वासनच ना — पानी पाहिजे असन बिचाऱ्याले, आन लोकं त्याले गुटख्याच्या पुड्या चारते. कडुनिंबाले डोळे काढले, ओठ काढले, लाल. सत्तर वर्सांचं झाड, त्याले लिपस्टिक. आन लोकं येते, मोराच्या दाताजवळ उभे राहून फोटो काढते, आन जाते. पाहत कोनी नाही. पाठ करून उभे राहते ना सारे — पाहनार कसे?

काय? — हो, निळे तुकडे इथंही हाय. हाय बाप्पा. तुहे डोळे लय तेज हाय. बरं, मंग मी बिमार होतो असं लिही. ताप होता. तापात हात अकडते मिस्त्रीचा. केवलराम चहावाल्यानं सांगितलंच तुले, धोंडबा मिस्त्रीनं बनवलं म्हनून, मंग मी नाही कसा म्हनू? पन ताप कोनाले येत नाही?

हसू नको.

पितळेची पाटी लावनार तुमी, नाव टाकून. चांगलं हाय. मराठी बोलतं म्हनून तुह्यासंगं बसलो, नाहीतर कालच एक पोरगं आलं होतं, हिंदीत म्हने, अंकल, आर्टिस्ट का नाम बताइए. आर्टिस्ट! आमी भंडारा जिल्ह्यातून आलो तवा मी मिस्त्री आन माही बायको रेजा. रेजा म्हनजे माहीत हाय ना? डोक्यावर घमेलं वाहनारी बाई. ठेकेदाराच्या हजेरीत माहं नाव राहे, तिचं नसे — नुसतं ‘रेजा एक’. रेजाच्या हातात थापी द्यायची नाही, असा कायदा. कुठं लिहिला नव्हता, पन कायदा. पोलादाच्या प्लांटमधल्या कँटीनच्या फुटक्या कपबश्या पोत्यानं येत, ती हातोडीनं फोडे, मी लावनार — असं कागदावर. पन पहिल्याच दिवशी तिनं चार तुकडे हातात घेतले आन म्हने, तुमी सिमिट लावा, मी ठेवतो. आन ठेवले. मंग कोन थांबवते? ठेकेदाराची जीप वळनावर दिसली की थापी माह्या हातात, घमेलं तिच्या डोक्यावर. जीप गेली की पुन्हा अदलाबदल. पोरखेळच होता. हसत होतो आमी दोघंही.

पाह्य ना नीट. तिनं सूत लावलं नाही, ओळंबा लावला नाही. या पानाले वारा लागला, हे कोवळं हाय, वर पाहून राहिलं. आन हे — हे किड्यानं खाल्लेलं. किड्यानं खाल्लेलं पान भिंतीवर कोन बनवते? मी म्हनलं, अवो हे काढ, साहेब रागावन. ती म्हने, झाडावर कोनाले रागावते साहेब?

हो. तिचीच हाय वेल. आता समजलं ना? मंग झालं.

साहेब आले ना एक दिवस. मोठे, प्लांटचे. जीप दिसली तशी थापी माह्या हातात, घमेलं तिच्या डोक्यावर, रोजच्यासारखं. साहेबानं चष्मा काढला, त्या खाल्लेल्या पानावर बोट ठेवलं, म्हने, मिस्त्री, ये किसने बनाया? आता सांग, मी काय म्हनाव? रेजाच्या हातात थापी दिली म्हनलं तर ठेकेदार दोघांले हाकलन, पोरं लहान, झोपडं भाड्याचं — हे मी चाळीस वर्सं सांगून राहिलो. पोराले सांगितलं, सोयऱ्यांले सांगितलं. खोटं हाय ते. साहेब हसून राहिला होता, बेटा. हसनारा मानूस हाकलत नाही. मले दिसत होतं ते. तरी तोंडातून निघालं — मैंने, साहब.

ती दोन हात दूर उभी होती. तिनं घमेलं खाली ठेवलं. आपटलं नाही हां — हळूच, भरलेला माठ ठेवते तसं. आन निघाली, पायी, घरी, कैंप एकच्या वस्तीत. संध्याकाळी मी म्हनलं, उद्या येतं ना? ती भाकर थापून राहिली होती. वर पाहिलं नाही. म्हने, तुमीच बनवलं ना? मंग करा पूर्न.

चार फूट राहिलं होतं. हेच चार फूट. नऊ दिवस लागले मले. सूत लावलं, ओळंबा लावला — पाह्य कशी पानं, सारी एका मापाची, गेटवर हजेरी द्यायले उभी. समोरच्या बारा बायांले हसतो मी, पन पुठ्ठा पहिले मीच कापला. आन बक्षीस भेटलं, शाल आन भिंतीवरची घडी. घडी अजून चालते घरी. ती टाइम शेजारच्या सिंधुताईले विचारते. भांडत नाही — जेवन देते, माह्या खोकल्याले काढा देते. पन थापी पुन्हा धरली नाही. चौदा एप्रिलले गल्लीत दारोदारी रांगोळी पडते, आमचं दार कोरं. आन दवाखान्यात जाते तवा या स्टॉपवर बसत नाही. गुडघे गेले, तरी पुढच्या स्टॉपवर चालत जाते. मी इथं बसतो रोज. एखाद्या दिवशी बसन म्हनून. येड्यासारखं.

पेन काढलं? थांब जरा. — दोघांचं नाव टाकू म्हनतं? कावून, माह्या चार फुटासाठी? त्या साहेबासारखंच तूही हसून इचारून राहिली. लिही. गिरजाबाई. ग-ले पहिली वेलांटी, र-ले नाही, मले तेवढं येते. तिचं नाव लिहायले शिकलो होतो मी, सही करायच्या आधी. — पुढं काय लिहून राहिली? दाखव. गिरजाबाई धोंडबा — हे धोंडबा कोनं सांगितलं तुले? रीत हाय म्हनतं. बाईच्या नावामागं नवऱ्याचं नाव. रीतच होती तेही, थापीची. खोड. नाही, नीट खोड, दिसलं नाही पाहिजे.

आन तो मोबाईल ठेव. माहा फोटो नको. कैंप एकमंधी बुद्धविहाराच्या मागं घर हाय, निळं दार. तिले विचारून ये पाटी लावू का म्हनून. नाही म्हनली तर नको लावू. मी येत नाही संगं. जा. जा म्हनलं ना.