ऐंशी गावांचा धनी

सांगा मंडळी, जमिनीचा मालक कोण? ज्याचं नाव कागदावर, तो? की जमीन ज्याला ओळखते, तो? — अहो पाटील, आत्ताच मान हलवू नका, आख्यान तर होऊ द्या!

तर ऐका! आपल्यावर राज्य केलं ना इंग्रजांनी? त्यांच्यावरही एकदा परके चढून आले होते! झाली नऊशेच्या वर वर्षं. समुद्रापलीकडून नॉर्मन आले, लढाई जिंकली, आणि त्यांच्या राजानं मुलूख सरदारांना वाटून टाकला — लग्नात अक्षता वाटाव्यात तसा!

त्यातला एक सरदार सेर्लो. वाट्याला गावं किती? ऐंशी! एक इथं, तर दुसरं तीन दिवसांच्या वाटेवर. आणि नावं पाठ किती? नऊ! बिचारा! बाकीची कारभाऱ्याला विचारायची.

वीस वर्षं गेली. मग शेजारच्या सरदारानं थॉर्नबी गावावर हक्क सांगितला. थॉर्नबी म्हणजे पाणचक्की, कुरणं, काळीभोर माती — ऐंशी गावांतलं लोणी! राजाचा कारकून चौकशीला निघाला. रीत अशी, की गावकऱ्यांनी शपथेवर सांगायचं — या मालकाला तुम्ही ओळखता का? ओळखलं, तर गाव त्याचं.

सेर्लोला तिथं ओळखणार कोण? आदल्या दिवशीच तो थॉर्नबीत पोचला — वाट विचारत विचारत! गावचा वडीलधारा अल्विन. त्याला बाजूला घेतलं. "उद्या म्हण, मला ओळखतोस. तुझं शेत तुला परत!"

तुझं शेत! म्हणजे अल्विनच्या बापजाद्यांचं, सेर्लोनं बळकावलेलं, आणि त्यातच अल्विन वीस वर्षं वेठीनं राबलेला! त्याचंच त्यालाच बक्षीस! केवढा दानशूर! कर्णानं खाली मान घालावी!

दुसऱ्या दिवशी चर्चपुढं सगळा गाव जमला. अल्विननं पवित्र ग्रंथावर हात ठेवला. कारकुनानं विचारलं, "यांना ओळखतोस?"

म्हाताऱ्यानं वळून पाहिलं. शेत डोळ्यांपुढं! मोह होणार नाही का हो? तुम्हाला झाला नसता?

मग म्हणाला, "धनी, माझं शेत देतो म्हणालात. कुठलं ते, एवढं दाखवा."

कारकून म्हणाला, "दाखवा सरदार!"

आता आली पंचाईत! सेर्लोनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं — आणि सगळ्यात हिरवागार तुकडा बघून ऐटीत बोट केलं. "ते!"

कुणी हसलं नाही.

"ते स्मशान आहे, धनी. माझे दोन मुलगे तिथंच आहेत. तुम्ही आलात, त्या वर्षीचे."



अल्विन कारकुनाकडं वळला. "आले असतील ते. आम्ही जिवाच्या भीतीनं पिकात पालथे पडलो होतो. घोड्यांचे पाय पाहिले. यांचं तोंड कालच पहिल्यांदा पाहिलं."

निकाल काय? सेर्लोचं गाव गेलं. मग दुसऱ्या सरदाराला मिळालं? छे! त्यालाही कुणी ओळखलं नाही! राजा म्हणाला, भांडू नका रे बाळांनो, मीच ठेवतो! दोन मांजरं, एक माकड! आणि अल्विनला काय मिळालं? काही नाही! सकाळी औत घेऊन गेला, त्याच शेतात. पण कुठं दगड, कुठं ओल, हे त्याच्या पायांना ठाऊक होतं.

हसता काय सेर्लोला? तुमचा तो शहराबाहेरचा प्लॉट — सातबारा कपाटात, कुलूप पक्कं! दहा वर्षांनी गाडी घेऊन जाता. वॉचमन आडवा येतो, वही पुढं करतो — "नाव लिहा. कोणाकडं आलात?"

उद्या त्या वरच्या दारातही हाच प्रश्न आहे. इतकी वर्षं पृथ्वीवर होतात — कोणाकडं आला होतात? तिथं कपाटाची किल्ली दाखवणार?

बोला, हरी बोला — आणि प्रश्न घरी नेऊ नका, उत्तर इथंच शोधा!