दहा पिल्लांची ऑर्डर

…नाही, पण मला सांगा, खोक्यात जिवंत पिल्लं आणि कुरिअरवाला कळवतो काय, तर "सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, केव्हाही"! अहो, जीव आहेत ते, चपला नाहीत!

तुम्हाला सांगते, चूक माझीच. इन्स्टावर कोंबडीच्या पिल्लांचा फोटो बघितला, पिवळीधम्मक, आणि दिली दहांची ऑर्डर. आमचं इथलं, आखातातल्या तुबलीतलं घर जुनं, मागे एवढंसं अंगण, वाटलं, सहा वर्षांच्या इक्राला विरंगुळा. तर त्या पोरीने त्याच दिवशी दहाही जणांची नावं ठेवून कागद फ्रिजला चिकटवला! आणि संध्याकाळी फार्मवाल्याचा मेसेज, "मॅडम, दोन जास्तीची टाकतो, वाटेत मरतात ना एखाद-दोन." मरतात ना! पुढे हसरा चेहरा! आता मेलंच एखादं, तर त्या कागदावरचं कुठलं नाव खोडायचं? आणि इक्राला सांगणार कोण? मी? मी तर मिक्सर लावतानासुद्धा डोळे मिटते!

तयारी मात्र जय्यत. खोक्यात भुसा, वाटीत कणी, बशीत पाणी, त्यात बुडतील म्हणून बशीत गोट्या… आणि ऑक्टोबर संपत आला तरी बाहेर छत्तीस डिग्री, म्हणून शनिवारी पहाटेपासून खोलीत एसी अठरावर! अर्शद, म्हणजे माझा नवरा, मआमीर भागातल्या वर्कशॉपला निघताना म्हणतो कसा, "अगो शाजिया, कोंबड्या येतायत की पेंग्विन?" हस बाबा! जीव आहेत ते, चपला नाहीत!

दहा वाजले, अकरा वाजले. फोन लावावा तर कोणी उचलेना. माझ्या डोळ्यांसमोर व्हॅन बंद पडलेली, खोकं रणरणत्या उन्हात… आणि मागून इक्रा, "मम्मा, आर दे डेड?" किंचाळलेच मी!

साडेबाराला फोन. "हॅलो मॅडम, लोकेशन भेजो."

म्हटलं, "भैया, जिंदा है क्या?"

"कौन, मैं?"

मी आपली मराठीतच रडायला लागले, तर पलीकडून, "आता गं बया! ताई, रडताय कशाला? मी महादेव, विट्याचा. पिल्लं बरी हायत, आलोच."

दार उघडते तर महादेव घामाने निथळतोय, खोकं छातीशी धरलेलं. "मागं न्हाई टाकलं, शेजारच्या सीटवर आणलं, एसी बंद करून."

"एसी बंद? या उन्हात?"

"मग? गावाकडं पोल्ट्री हाय आमची. दोन दिसांची पिल्लं, उबेला टिकत्यात, गारठ्यानं मरत्यात…" आणि तेवढ्यात आमच्या खोलीतला वारा त्याच्या तोंडावर आला. "आवो, बंद करा त्यो एसी! जीव हायत त्ये, मासळी न्हाई!" मला रिमोट सापडेना, त्यानेच बटण बंद केलं!

मग खोकं उघडलं. मी अर्थातच डोळे मिटलेले. इक्रा मोजतेय, "एट, नाइन, टेन…" आणि थांबेचना! "इलेव्हन, ट्वेल्व!" बाराच्या बारा चिवचिवतायत! मी एक डोळा उघडून बघितलं, खरंच! तुम्हाला सांगते, इतकं हलकं मला बी.कॉम.च्या निकालालाही वाटलं नव्हतं. महादेवला तीन ग्लास कोकम सरबत पाजलं.

तर आता घरात एसी खलास. तीन आठवडे, महादेवने बजावलंय. त्या संध्याकाळी अर्शद आला, दिवसभर वेल्डिंग करून भाजून निघालेला. "रिमोट दे." म्हटलं, "नाही मिळणार, पिल्लं झोपलीत." त्याने पिल्लांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गाडीची किल्ली उचलली आणि गेला. रुसून लांब गेला असेल असं समजू नका हं! दारातच आहे. गाडीत. एसी लावून.

आज सहावा दिवस. जेवणाचं ताट तिथेच नेऊन देते, कामावरून आला की तिथेच जेवतो… चालायचंच. मीठ कमी पडलं की हॉर्न वाजवतो.