सावलीतही ऊन लागतं

आदरणीय अध्यक्ष बाबुराव म्हात्रे, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती डॉ. वल्लरी सहस्रबुद्धे आणि समोर बसलेल्या शहाडच्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी परशुराम भोईर. तुमच्यापैकी निम्म्यांचे कान मी शाळेत पिळले आहेत, तेव्हा ओळख एवढी पुरे. आपल्या मंडळाच्या दवाखान्यातून डॉक्टरबाई आज निवृत्त होत आहेत. त्यांचं गुणवर्णन पाहुण्यांनी केलंच. मला फक्त गेल्या मार्चमधला एक दिवस सांगायचा आहे. मार्च म्हणतोय मी, मे नव्हे.

उल्हास नदीच्या काठी आमचा भाजीचा तुकडा आहे. पालक, मेथी, माठ. मी शाळेत, आणि तुकडा माझ्या पत्नीच्या, शकूच्या ताब्यात, असंच चालत आलं. गेल्या वर्षी फेब्रुवारीपासूनच असं ऊन पडलं की मेथी उगवली तीच पिवळी आणि पालक पानं धरायच्या आत फुलोऱ्यावर गेला. उरलीसुरली भाजी हातची जाऊ नये म्हणून शकू त्या दिवशी भर दुपारपर्यंत कापत राहिली. घरी आली, म्हणाली, "डोकं जड झालंय. जरा पडते."

थोड्या वेळाने मी पाणी घेऊन गेलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कोणाकडे आलात?"

सगळा संसार झाल्यावर बायकोने असं विचारलं तर माणसाचं काय होत असेल? आधी वाटलं, थट्टा करतेय. मग हात लावला. अंग तव्यासारखं तापलेलं.

रिक्षात घालून दवाखान्यात आणलं. मी बाटली तिच्या तोंडाला लावणार, तोच डॉक्टरबाईंनी माझा हात धरला. "गुरुजी, नको. त्या शुद्धीवर नाहीत, पाणी फुफ्फुसात जाईल. बर्फ आणा, मिळेल तिथून."

आमचा मुलगा दिपेश मासळी बाजारात धावला. कोळणींनी मासे बाजूला सारून टोपल्यांतला बर्फ दिला. बोंबलाचा वास येणारा तो बर्फ बाईंनी स्वतः शकूच्या मानेला, काखेत, जांघेत लावला, ओली चादर घातली, पंखा जवळ ओढला. मी म्हटलं, मोठ्या हॉस्पिटलात नेऊया. त्या म्हणाल्या, "नेऊ. आधी अंग निवू दे." अंग निवलं, मगच रुग्णवाहिका निघाली.

शकू वाचली. ती बघा, तिसऱ्या रांगेत बसली आहे. पण मूत्रपिंडं अधू झाली. दुपारी आता तिला घराबाहेर पडता येत नाही.

आमची गाडी निघत होती तेव्हाच आनंदाला आणलं. आमचा शेजारी, रात्रपाळीचा वॉचमन. पाळी करून घरी आला, पत्र्याच्या खोलीत पंखा लावून झोपला. त्याची बायको रखमाबाई कामावरून परतली तर हा उठेना. बाईंनी शर्थ केली. संध्याकाळी हॉस्पिटलात दिपेश मला म्हणाला, "बाबा, आनंदाकाका गेले."

"कशाने?"

"उन्हाने."

"अरे, तो तर घरात होता."

सावलीत, स्वतःच्या खाटेवर पडलेला माणूस उन्हाने जातो, हे माझ्या डोक्यात अजून शिरत नाही. तुमच्या शिरतंय का?

वस्तीत कुजबुज सुरू झाली, पीत असेल, काहीतरी दुखणं असेल. डॉक्टरबाई घरोघर फिरल्या. म्हणाल्या, "उन्हाने गेला असंच म्हणा. नाहीतर पुढचाही असाच झोपेल." त्यांनी पत्र्यांना चुना मारून घेतला. दुपारी हे सभागृह लोकांसाठी उघडं ठेवायला लावलं. अध्यक्ष आता हसताहेत, पण किल्ली देताना हसत नव्हते.

पुढे एकदा बाईंनी मला विचारलं, "तुमची पालेभाजी कधीपासून बाजारात नाही?"

"होळीपासून."

"गरोदर बायकांचं रक्त कमी भरतंय. काय खाता विचारलं तर वडापाव, नाहीतर डाळभात. भाजी परवडत नाही म्हणतात. केवळ त्यानेच झालं असं मी म्हणणार नाही, गुरुजी. पण हातभार त्याचाही आहे."

मला वाटायचं, पीक गेलं ते आमचं गेलं. त्याची झळ कुणाच्या पोटातल्या बाळापर्यंत जाते, हे कोणी सांगितलं होतं?

आता आम्ही हिरव्या जाळीखाली भाजी करतो. दिपेश उजाडताच कापणी उरकतो. थोडी हाती लागते, सगळी नाही.

बाई, आता तुम्ही वर्तकनगरला लेकीजवळ राहणार. विश्रांती घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण अध्यक्षमहाराज, निरोपाच्या दिवशी विचारू नये ते विचारतो. बाईंच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. आज फेब्रुवारीची अखेर आहे, आणि सकाळी अंगणातल्या खुर्च्या उचलताना हाताला चटके बसत होते.

मला बोलू दिलंत, निवांत ऐकलंत, ऋणी आहे. सत्काराच्या प्रसंगी मरणाची गोष्ट काढली, कोणाला खटकलं असेल तर म्हाताऱ्या मास्तराला पदरात घ्या. रखमाबाई समोर बसल्या आहेत. आनंदाचं नाव घेतल्याशिवाय मला खाली बसवत नव्हतं.