बायकोचा पिवळा फॉर्म

या सत्कार समारंभाचे अध्यक्ष आदरणीय प्राचार्य देवदत्त वैद्य सर, ज्यांच्यासाठी आज हे सभागृह भरलंय त्या आमच्या मानसशास्त्र विभागाच्या डॉ. इरावती पाध्ये मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, प्राध्यापक मंडळी, ऑफिसातले माझे सोबती आणि आजी-माजी विद्यार्थ्यांनो, मी नंदकुमार परब, विभागाचा प्रयोगशाळा सहायक, आपणा सर्वांना नमस्कार करतो.

सूत्रसंचालन करणाऱ्या श्रुतिकाने आधीच बजावलंय, "परबकाका, पाच मिनिटं हं, खाली जेवण थंड होतंय." बघतो. मॅडमच्या हाताखाली एकोणीस वर्षं काढली, पाच मिनिटांत कशी बसवू?

मॅडमचं संशोधन कशावर, तर माणसांची प्रेमाची नाती टिकतात कशामुळे. मला आधी हसूच आलं होतं. मुलुंडमध्ये हा प्रश्न कोणाला पडतो हो? आपल्याकडे लग्न टिकतं, कारण ते झालेलं असतं! पण मॅडमनी शंभर जोडपी शोधायला सांगितली. नवऱ्याला पांढरा फॉर्म, बायकोला पिवळा. दोघांनी वेगवेगळं बसून भरायचा, एकमेकांचा बघायचा नाही. मी राहतो विक्रोळीत, तिथे माझ्या ओळखी भरपूर, त्यामुळे नव्याण्णव जोडपी झटक्यात झाली. शंभरावं मिळेना. म्हटलं, आपण काय मेलोय?

आणि इथे मी माती खाल्ली. पांढरा फॉर्म भरला आणि पिवळाही मीच भरला. शाई बदलली, अक्षर जरा गोल काढलं. हसू नका, तुमच्यातल्या किती जणांनी बायकोच्या नावाने सह्या ठोकल्यात, मला माहिती आहे.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. समोर दोन्ही फॉर्म. प्रश्न होता, 'सध्या तुम्हाला सर्वांत जास्त काळजी कशाची वाटते?' पिवळ्यावर मी लिहिलं होतं, 'माझ्या मिस्टरांच्या बीपीची.'

मॅडम म्हणाल्या, "नंदकुमार, तुमच्या बायकोला स्वतःची एकही काळजी नाही?"

"मॅडम, अठ्ठावीस वर्षांचा संसार आहे. तिचं उत्तर मला माहीत नसणार का?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता कोरा पिवळा फॉर्म पाकिटात घालून दिला. म्हणाल्या, "तिच्या हातात द्या. ती भरेपर्यंत तुम्ही घराबाहेर थांबा."

मी चाळीच्या जिन्यावर बसलो. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. पावणेदोन तास लागले! तिने पाकीट भाताच्या शिताने चिकटवून माझ्या हातात दिलं. कॉलेजच्या पँट्रीत चहाचं आधण उकळत होतं, वाफेवर धरलं की झालं, असंही मनात आलं. नाही धरलं. बहुतेक भीती वाटली.

मॅडमनी ते वाचलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी विचारलं, "काय लिहिलंय?" तर म्हणाल्या, "ते तिचं आहे, मी सांगू शकत नाही. पण तुम्ही तिला विचारू शकता."

माझी पत्नी सौ. अनुपमा तिसऱ्या रांगेत बसली आहे. पुढचं मी तिला विचारून सांगतोय.

साकीनाक्याला एका गाळ्यात ती इलेक्ट्रिकची बटणं पॅक करायची. बावीस वर्षं केलं. गाळा बंद झाला, तेव्हा मी म्हणालो होतो, "बरं झालं, आता आराम कर." संपला विषय. मॅडमनी 'विचारू शकता' म्हटलं त्या संध्याकाळी ती बांगडे साफ करत होती, तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "तू काय लिहिलंस गं?" मान वर न करता म्हणाली, "मे म्हयन्यात गावाक गेलंय की मी परत येवचंय नाय." कुडाळला भावाकडे राहायचं तिने वर्षभरापूर्वीच ठरवलं होतं. माझी पुरती वाट लागली.

मी मॅडमकडे गेलो. या वयात रडलो, लाज कसली. त्यांनी शिकवतात तसं समजावलं. माणसं एकत्र राहतात ती तीन कारणांनी: समाधान असतं म्हणून, दुसरीकडे जायला जागा नसते म्हणून, किंवा इतकी वर्षं घातली ती कशी सोडायची म्हणून. "शेवटच्या दोन कारणांनी लग्न टिकेल हो, पण आतलं माणूस टिकेल का?" मी म्हटलं, उपाय सांगा. तर म्हणाल्या, "जोडीदार दिवसभर बारीकसारीक हाका मारत असतो. 'बघा, आज आमटी बरी झालीय.' 'समोरच्यांनी गॅलरी रंगवली.' त्या हाकेला ओ द्यायची. अभ्यास तेवढंच सांगतो. ती परत येईल, असं मात्र सांगत नाही."

मे महिन्यात ती गेली. मी अडवलं नाही. रोज फोन करून विचारायचो, दिवस कसा गेला. आठ दिवस एकच उत्तर, "बरो." नवव्या दिवशी विहिरीचा पंप बिघडला आणि ती पाऊण तास त्या पंपावर बोलली. यार, इतकं सुंदर मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं! जूनमध्ये दोन फणस घेऊन ती दारात उभी. विचारलं, "का आलीस?" म्हणाली, "फणस नासले असते." मी पुढे विचारलं नाही. याला तीन वर्षं झाली.

मॅडम, तुमचे उपकार फेडण्याच्या गोष्टी मी करणार नाही, ते होणारं नाही. तुम्ही माझी खोटी उत्तरं फाईलला लावून शंभरचा आकडा पुरा करू शकला असता. तुमचा निबंध नव्याण्णव जोडप्यांवर छापून आला. आमचं एक जोडपं कमी केलंत, म्हणून आम्ही राहिलो.

कार्यक्रमपत्रिकेत छापलंय, 'परब दांपत्यातर्फे मनोगत: श्री. परब'. मंडळी, ते तेवढं चुकलंय. मी माझ्यापुरते आभार मानले. बोलता बोलता कुठे जीभ घसरली असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर घरचा माणूस समजून सांभाळून घ्या.

तू काय बोलणार, असं मी सकाळी अनुपमाला विचारलं होतं. "ता माजा मी बघतलंय," म्हणाली. त्यामुळे आता काय येणार, मला खरंच माहीत नाही.

श्रुतिका, माइक तिसऱ्या रांगेत ने बाळा.

बोल अनुपमा, मी ऐकतोय.