जंगलाचा पडदा

आमी मूळचं शाहूवाडीकडचं, भात लावणारी माणसं, उचगावात लेकाकडं येऊन पडलोय ते आत्ता. गावामागं सडा हुता आमच्या, सडा म्हंजे वरनं ताटावानी सपाट डोंगर, काळा कातळ, करवंदीच्या जाळ्या आन् कडंला एक वाकडी जांभळ. काय सांगू तुमाला पावणं, श्रावण सरला की कातळावर अशी पिवळी फुलं यायची, पाय ठेवू वाटायचा न्हाय. बा म्हणायचा गुरं राख, आन् मी कोळसा घिऊन कातळावर झाडं काढत बसायचा. लई मार खाल्ला त्यापायी.

मग नाटकाचं पडदं रंगवाय लागलो. जत्रंत गावोगाव नाटकं व्हायची, मागं पडदा लागायचा, एक म्हालाचा, एक रस्त्याचा, एक जंगलाचा. म्हाल कुणीबी काढंल की, जंगल माझं! पार पेठ वडगावास्नं माणसं यायची. पर माझी एक खोड, पडदा धरायच्या आदी सड्यावर जाऊन दिसभर बसायचं, बघितल्याबिगर हातच चालत न्हाय माझा. बायको म्हणायची, अवो तोच डोंगर न्हवं, त्याला काय शिंगं फुटल्यात व्हय? मी म्हणायचा, तुला न्हाय कळायचं, आज उजेड निराळा हाय. राम वनवासाला जाऊंदे न्हायतर दरोडेखोर लपूंदे, समदी माझ्या जांभळीखालीच. लोक हसायची, पेंटर, हितं बी जांभळ? व्हय, वनवास करायचा तर चांगल्या जागी करावा की माणसानं!

मग खाण आली. कातळाखालची लाल माती पायजे हुती त्यास्नी. गावचीच पोरं कामाला, कुणाला बोलणार? जांभळ पाडली कळलं तसा वर गेलतो, तर राखणदार म्हणतोय, म्हाताऱ्या, तुजं काय काम हितं? आता काय काम सांगू त्याला, तुमीच सांगा.

त्याच साली एक मंडळ आलं, म्हणलं फ्लेक्स नको, तुमचाच पडदा पायजे. कापड ताणलं, रंग सरसाच्या खळीत कालवला आन् बसलो. हात उठंना. लेक म्हणला, आबा, डोळं मिटून काढा की, जनम गेला तुमचा त्यात. आरं, डोळं मिटलं की खड्डाच दिसतोय, लाल खड्डा! कापड कोरंच परत दिलं.

एवढं पडदं काढलं, घरात एक ठेवला न्हाय. डोंगर दारात असताना कोण ठेवतंय? गेल्या साली कळलं, पल्याडच्या गावात एकाच्या घरी माझा पडदा हाय. लेकाच्या गाडीवर बसून गेलो. घरची बाई म्हणली, हाय की मामा, परड्यात. बघतोय तर वैरणीच्या गंजीवर घातलाय, वर दगडं. सरसाचा रंग त्यो, पावसात टिकतोय व्हय? समदा धुऊन गेलता. एका कोपऱ्यात हिरवं दिसलं, म्हणलं ऱ्हायली बाबा जांभळ. नखानं खरवडून बघितलं, तर शेवाळ.

नेता का मामा, बाई म्हणली. ऱ्हाऊंदे म्हणलं, तुजी वैरण भिजंल.

आता हितं गॅलरीत बसतोय, समोर गोडाऊनचं पत्रं. परवा नात म्हणली, आजा, तुजी जांभळ कुठं हुती रं? सांगाय गेलो, तर डाव्या अंगाला का उजव्या, तेच आठवंना. लई रडू आलं मला. बायको असती तर तिनं सांगितलं असतं, ती बी गेली.

तुमी लिवताय न्हवं? मग डाव्या अंगाला लिवा. आता कोण बघाय जातंय.